बॅटरी बदलण्याआधी

केळीची कापणी लागली की रावेर, निंभोरा, सावदा या पट्ट्यातल्या ट्रॅक्टरचा दिवस तुकड्यातुकड्यांत जातो. बागेशी ट्रॉली लावायची, घड भरून होईपर्यंत थांबायचं, चाकोरीच्या रस्त्यानं हळूहळू डांबरीवर यायचं, ट्रकमध्ये माल द्यायचा आणि परत फिरायचं. अंतर थोडं, वेग कमी, इंजिन दिवसातून अनेकदा बंद-चालू. पहाटे अंधारात निघालं तर दिवे लागलेले, आणि ट्रॉली भरेपर्यंत करमत नाही म्हणून गाणीही लागलेली. संध्याकाळी ट्रॅक्टर खळ्यात लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवली की इंजिन फिरत नाही, नुसता ‘कट’ असा आवाज येतो.

मग घरातलं कुणीतरी म्हणतं, बॅटरी गेली. शेजारच्या ट्रॅक्टरनं ओढून किंवा उतारावरून सोडून तो दिवस निभावतो. दोन-चार दिवस असंच चाललं की नवी बॅटरी येते. ती दुकानातून भरलेलीच आलेली असते, म्हणून आठवडाभर सेल्फ झकास लागतो आणि मग तीही बसते. दुकानदाराशी वाद होतो, वॉरंटीचं कार्ड शोधलं जातं, ‘माल डुप्लिकेट निघाला’ असा निकाल लागतो. या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो: इंजिन चालू असताना बॅटरीत करंट जात होता का?

हा प्रश्न मागे पडतो याला डिझेल इंजिनाचा स्वभाव कारण आहे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीसाठी सतत वीज लागते, त्यामुळे चार्जिंग बंद पडलं की थोड्या वेळात गाडीच थांबते. जुन्या धाटणीच्या डिझेल ट्रॅक्टरला एकदा चालू झाल्यावर विजेची गरजच नसते. पंप यांत्रिक, दाबानं तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं, बंद करायला दांडी ओढायची. अल्टरनेटर मेला तरी रोटाव्हेटर दिवसभर फिरतो. दोष आज होतो आणि कळतो उद्या सकाळी, तोही बॅटरीच्या तोंडून. म्हणून शिक्षा बॅटरीला होते.

आधी थोडा हिशेब मांडू. सेल्फ मारताना स्टार्टर मोटर दोनअडीचशे अँपिअर ओढते. ऐकायला हा आकडा भयंकर वाटतो. पण २५० अँपिअर ५ सेकंद ओढले, तर बॅटरीतून गेलेला करंट भरतो जेमतेम ०.३५ अँपिअर-तास. इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटरनं बॅटरीला २० अँपिअर दिले, तर ही उधारी मिनिटभरात फिटते. याउलट इंजिन बंद ठेवून ५५ वॉटचे दोन हेडलाइट लावले तर दर तासाला ९ अँपिअर-तास जातात. ७५ अँपिअर-तासाची बॅटरी चार तासांत अर्ध्यावर येते. म्हणजे दिवसातून दहा वेळा सेल्फ मारल्यानं बॅटरी बसत नाही. ती बसते, कारण गेलेलं परत येत नाही, किंवा उभ्या ट्रॅक्टरवर कुणीतरी ते गुपचूप खात असतं. बहुतेक ट्रॅक्टरांवरचा अल्टरनेटर ३५-४० अँपिअरच्या आसपासचा असतो, आणि तोही पूर्ण जोर इंजिनाच्या रेसवरच देतो. इंजिन आळसात ठेवून चार एलईडी बार, हेडलाइट आणि मोठा अँप्लिफायर लावला, तर निरोगी अल्टरनेटरसुद्धा पुरा पडत नाही. तिथं बिघाड नाही, जमाखर्चच तोट्यात आहे.

वीज तयार होते कशी, हेही एकदा पाहून घेऊ, कारण पुढच्या साऱ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. तारेच्या वेटोळ्याजवळून चुंबक हलला की तारेत वीज उभी राहते, हे मायकेल फॅरडेनं १८३१ साली दाखवलं. अल्टरनेटरमध्ये हा चुंबक मधोमध फिरतो. त्याला रोटर म्हणतात. तो कायमचा चुंबक नसतो. त्याच्यावरच्या गुंडाळीत थोडा करंट सोडला तरच तो चुंबक होतो. तो करंट दोन कार्बनमधून, तांब्याच्या दोन गुळगुळीत रिंगांवरून रोटरपर्यंत पोहोचतो. भोवतीच्या स्टेटरमध्ये तीन गुंडाळ्या असतात. त्यांत उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी वीज तयार होते. बॅटरीला सरळ एकाच दिशेची वीज लागते, म्हणून मागच्या प्लेटवरचे सहा डायोड तिला एका दिशेला वळवतात. किती चार्जिंग करायचं हे रेग्युलेटर ठरवतो, ज्याला आपल्याकडे अजूनही ‘कटाउट’ म्हणतात. व्होल्टेज वाढायला लागलं की तो रोटरचा करंट कमी करतो, पडलं की वाढवतो.

त्याआधीचा जमाना डायनामोचा होता. जुन्या बी-२७५ सारख्या ट्रॅक्टरांवर तोच असे. डायनामोत सगळा जड करंट कार्बनमधूनच बाहेर यायचा, कार्बन लवकर झिजायचे, आणि इंजिन आळसात असताना हाती जवळजवळ काहीच लागत नसे. सिलिकॉनचे डायोड स्वस्त आणि भरवशाचे झाल्यावर चित्र पालटलं. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंट मोटारीला अल्टरनेटर बसवला आणि पुढं जगभर तोच रूढ झाला. भारतात १९६१ साली लुकास आणि टीव्हीएस यांनी मिळून मद्रासजवळ पाडी इथं कारखाना काढला. तिथले स्टार्टर, डायनामो आणि पुढं अल्टरनेटर आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले.

डायनामो गेला, पण त्या जमान्यातली एक खोड मागे राहिली, आणि ती फार नुकसान करते. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि दिवे लागलेले राहतात का ते बघायचं. राहिले तर डायनामो चांगला, असा हा हिशेब. अल्टरनेटरवर हे कधीही करू नका. बॅटरी जोडलेली असते तेव्हा ती व्होल्टेजला धरून ठेवते. ती अचानक सुटली की रोटरमधलं चुंबकत्व त्याच क्षणी ओसरत नाही, वीज तयार होतच राहते, तिला जायला वाट नसते, आणि व्होल्टेज क्षणभरात कित्येक पट उसळतं. डायोड आणि रेग्युलेटर तेवढ्यात जळू शकतात. तपासायला आणलेला चांगला अल्टरनेटर तपासणीतच मरतो, आणि ‘बघा, गेलेलाच होता’ असं म्हणायला पुरावा तयार होतो. आता तर धोका आणखी वाढला आहे. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळे यांतल्या अनेक ट्रॅक्टरांत इंधनाचा पंप आणि इंजेक्टर इलेक्ट्रॉनिक झाले आहेत. त्यांचं नियंत्रण करणारा संगणकी बॉक्स अशा एका उसळीत गेला, तर अल्टरनेटरच्या कित्येक पट खर्च येतो. बॅटरी उलटी जोडणं, किंवा टर्मिनल न काढता ट्रॅक्टरला जोडलेल्या अवजारावर वेल्डिंग करणं हे तितकंच घातक आहे.

मग तपासायचं कसं? एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब एवढं पुरतं. ट्रॅक्टर सपाट जागी, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. गळ्यातला रुमाल काढून ठेवा, कारण फॅन आणि पट्टा त्याला हातासकट ओढून नेतात. आणि बॅटरीजवळ बिडी नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी मिळाली तर बॅटरी फुटून ॲसिड डोळ्यांत जातं.

पहिलं माप रात्रभर उभ्या ट्रॅक्टरवर, सकाळी चावी लावण्याआधी घ्यायचं. बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटरच्या पिना टेकवा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग ट्रॅक्टर चालू करून रेस वाढवा आणि तिथंच पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.५ दिसलं तर अल्टरनेटर काम करतोय. आकडा सकाळचाच राहिला किंवा हळूहळू घसरत गेला, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला तर उलटा रोग आहे: कटाउट निकामी होऊन जादा चार्जिंग होतंय. अशा ट्रॅक्टरचे बल्ब वारंवार उडतात, आणि बॅटरीचं पाणी दर आठवड्याला कमी होतं. रावेरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढं असताना, पाणी तसंही आटतं. पण एका महिन्यात प्लेटा उघड्या पडत असतील तर दोष फक्त उन्हाला देऊ नका.

इथं एक बारकावा ध्यानात ठेवावा. बॅटरी पार बसलेली असेल तर अल्टरनेटर उत्तम असूनही सुरुवातीला १३ च्या आसपासच दिसतं, कारण बॅटरी मिळेल तेवढा करंट पिऊन घेत असते. अर्धा तास चालवून पुन्हा बघा. तसंच ज्यांच्या ट्रॅक्टरवर अँपिअर मीटर आहे त्यांनी काटा मध्यावर आला म्हणून घाबरू नये. सेल्फ मारल्यानंतर काटा अधिकच्या बाजूला जातो आणि बॅटरी भरत आली की मध्याकडं परततो. हेडलाइट लावल्यावर, रेस असूनही, तो उणेकडं पडून राहिला तर मात्र खरं दुखणं आहे.

चार्जिंग होत नाही हे ठरलं की हात आधी पट्ट्याला लावावा, इंजिन बंद करून. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्यानं दाबला तर पट्टा साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. पण नुसता ताण बघून भागत नाही. पट्टा उलटा करून त्याच्या कडा बघा. काचेसारख्या चकाकत असतील तर तो घसरतोय. जुना पट्टा झिजून पुलीच्या खाचेत खोल बसला आणि तळाला टेकला, तर कितीही ताणला तरी तो पकड घेत नाही, कारण व्ही पट्टा धरतो तो कडांनी. असा पट्टा दिवसा ठीक चालतो. रात्री दिवे लावले की अल्टरनेटर जड होतो, पट्टा घसरतो, चीं-चीं आवाज येतो आणि नेमकं गरजेच्या वेळी चार्जिंग पडतं. उलट, जास्त ताणल्यानं अल्टरनेटरचं आणि पाण्याच्या पंपाचं बेअरिंग जातं.

आता डॅशबोर्डवरचा लाल दिवा. बॅटरीचं चित्र असलेल्या या दिव्याबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण अनेकांना तो फक्त इशारा वाटतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो अल्टरनेटरला जागं करणारा भाग आहे. रोटर स्वतः चुंबक नाही, त्याला सुरुवातीचा करंट बाहेरून लागतो, आणि तो करंट याच बल्बमधून येतो. चावी फिरवली की बॅटरीतून निघालेला करंट बल्बमधून, पातळ वायरनं अल्टरनेटरच्या डी प्लस किंवा एल लिहिलेल्या टोकाला जातो, कार्बन आणि रोटरमधून फिरून बॉडीला मिळतो. बल्ब पेटतो, रोटर हलका चुंबक होतो. इंजिन फिरलं की त्या हलक्या चुंबकावरच वीज सुरू होते, मग अल्टरनेटर स्वतःच्या विजेवर रोटर पोसायला लागतो. आता बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज आलं, म्हणून तो विझतो.

हे कळलं की एक चमत्कारिक वाटणारा दोष सरळ होतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर, पट्टा, बॅटरी सगळं धडधाकट असूनही चार्जिंग सुरूच होत नाही. कधीकधी रोटरमध्ये उरलेल्या किंचित चुंबकत्वावर, रेस एकदम वाढवली की ते सुरू होतं, आणि मालक म्हणतो, ‘कधी करतो, कधी नाही करत.’ डॅशबोर्डला हौसेनं एलईडी बसवले तरी असंच होतं. साध्या ३ वॉटच्या बल्बमधून पाव अँपिअर जातो, एलईडीमधून त्याचा अगदी छोटा अंश, आणि तेवढ्यानं रोटर जागा होत नाही. काही रुपयांचा बल्ब आणि काही हजारांचा अल्टरनेटर यांत फरक करायला फक्त नजर लागते: चावी लावल्यावर, सेल्फ मारण्याआधी, लाल दिवा पेटला का? रोज सकाळी हे बघायची सवय लावून घ्यावी. पेटत नसलेला दिवा पाहून ‘चला, सगळं ठीक आहे’ असं वाटतं, आणि इथंच फसगत होते.

दिवा पेटत नसेल तर अल्टरनेटरवरची ती पातळ वायर काढून तिचं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब, फ्यूज, वायर सगळं चांगलं, दोष अल्टरनेटरच्या आत: कार्बन, रोटर किंवा कटाउट. नाही पेटला तर दोष बाहेर आहे, अल्टरनेटर खोलू नका. ही तपासणी फक्त पातळ वायरची. जाड वायर, बी प्लसची, थेट बॅटरीतून येते. ती बॉडीला लागली तर जाळ होतो.

रावेर-बऱ्हाणपूर रस्त्यावरच्या एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मी आणखी एक परीक्षा पाहिली. ट्रॅक्टर दारात, मालक सीटवर. मिस्तरी म्हणाला, “भाऊ, चावी एक घर फिरवा, सेल्फ मारू नका.” मग त्यानं हॅक्सॉ ब्लेडचा तुटका तुकडा चिमटीत हलका धरून अल्टरनेटरच्या पुलीच्या नटाजवळ नेला. तुकडा हळूच ओढला गेला आणि चिकटला. “बंद करा.” चावी फिरली, तुकडा सुटला. पुन्हा चालू, पुन्हा चिकटला. मालकानं विचारलं, “म्हणजे काय समजायचं, मिस्तरी?” “म्हणजे बल्ब, कार्बन, रोटर इथपर्यंत करंट फिरतोय. आता मागचं बघू.” ओढ नाजूकच असते, कारण बल्बमधून येणारा करंट थोडा. म्हणून जड पान्हा न घेता पातळ ब्लेड घ्यायचं. एकही नट न सोडता दहा सेकंदांत निम्मा अल्टरनेटर तपासून झाला होता. अशी कसब असलेली माणसं आपल्या तालुक्याच्या गावांत आहेत, आणि त्यांच्या हातात तपासणीची मजुरी देताना घासाघीस करू नये, असं मला मनापासून वाटतं. पार्ट बदलणारा पुष्कळ मिळतो, शोधून काढणारा थोडा.

रोटर चुंबक होतोय, पट्टा ठीक आहे, तरी बॅटरीवर १३ च्या वर जात नाही. मग माप दुसऱ्या टोकाला घ्यायचं, अल्टरनेटरच्या बी प्लसच्या बोल्टवर. तिथं १४.४ आणि बॅटरीवर १२.९ दिसलं, तर वीज तयार होतेय पण वाटेत गळतेय. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको: हेडला दाब पुरेसा असतो आणि शेवटच्या लॅटरलला थेंबही पडत नाही, तेव्हा मोटर बदलत नाहीत, पाइप बघतात. इथंही तेच. इंजिन चालू, रेसवर, हेडलाइट लावलेले. मीटरची लाल पिन बी प्लसच्या बोल्टवर, काळी बॅटरीच्या अधिक खुंटीवर. आलेला आकडा म्हणजे वाटेत हरवलेलं व्होल्टेज. ०.३ पर्यंत चालतं. मग एक पिन अल्टरनेटरच्या उघड्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या उणे खुंटीवर. तिथं ०.२ च्या वर नको. पिन क्लॅम्पवर न लावता खुंटीच्या शिशावरच लावायची, नाहीतर क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधला दोष सुटून जातो. दिवे लावायलाच हवेत, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडसुद्धा निर्दोष दिसतो.

आपल्याकडच्या ट्रॅक्टरांत हा दोष वारंवार सापडतो, आणि त्याला कारणं आहेत. केळीला खतं भरपूर लागतात. युरिया आणि पोटॅशची पोती याच ट्रॉलीतून येतात, सांडलेलं खत दमट हवेत पाणी धरतं आणि तांबं-लोखंड खातं. बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊन रंगवताना अर्थच्या पट्टीखाली रंग जातो, आणि रंग वीज अडवतो. वायरीला थिंबल दाबून न बसवता नुसतं पिळून टेप गुंडाळलेला असतो. आतली तार काळी पडते, बाहेरून टेप नवाच दिसतो. पावसाळ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात ते वेगळंच. उपाय साधा आहे. आधी उणे टर्मिनल काढा, मग अधिक. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा टाकून बुरशी धुवा, सोडा बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्प पॉलिश पेपरनं चकचकीत करा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन लावा. जोडताना उणे शेवटी. अर्थची पट्टी चेसिसला जिथं लागते तिथलं लोखंड घासून उघडं करा.

एक दोष असा आहे की इंजिन चालू असताना जवळजवळ दिसतच नाही. सहापैकी एखादा डायोड शॉर्ट झाला की रात्री बॅटरीतला करंट उलट अल्टरनेटरमध्ये शिरतो. संध्याकाळी बॅटरी भरलेली, सकाळी रिकामी. पहाटे इंजिन थंडगार असताना अल्टरनेटरला हात लावा. तो कोमट लागला तर जवळपास खात्रीच. पक्कं करायचं तर चावी बंद, सगळे दिवे बंद ठेवून उणे टर्मिनल काढा आणि खुंटी व वायर यांच्या मध्ये आपला बारा व्होल्टचा बल्ब जोडा. बल्ब पेटला म्हणजे कुठंतरी करंट जातोय. आता बल्ब सोडवून अल्टरनेटरची बी प्लस वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा आणि बल्ब पुन्हा जोडा. आता विझलेला राहिला तर डायोड. पेटलेलाच असेल तर म्युझिक सिस्टिम किंवा मागाहून ओढलेल्या वायरी एकेक करून सोडवत जा. बल्ब जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही. डायोड अर्धवट गेल्याची दुसरी खूण म्हणजे इंजिन चालू असताना लाल दिवा पूर्ण न विझता मंद मिणमिणत राहतो. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर मोजलं आणि अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसलं, तरी अर्थ तोच.

एवढं झाल्यावरच अल्टरनेटर उतरवायचा. आत बहुतेक वेळा कार्बन संपलेले असतात, ५ मिलिमीटरच्या आसपास उरले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही. काळ्या मातीची धूळ आणि इंजिनातून झिरपलेलं ऑइल यांचा लगदा होऊन कार्बन खोबणीत अडकलेलेही सापडतात. नुसतं साफ करून ते चालतात. रिंगांवर खोल चर नको. रोटरच्या दोन रिंगांमध्ये मीटर साधारण २ ते ५ ओहम दाखवतो. काहीच न दाखवणं म्हणजे तार तुटलेली. रिंग आणि रोटरचं लोखंड यांच्यात मात्र काही दिसता कामा नये. स्टेटर मीटरपेक्षा नाकाला आणि डोळ्याला आधी कळतो: वॉर्निशचा जळका वास, काळी पडलेली गुंडाळी. रिवाइंडिंग करून घेतलं तर जुने काढलेले पार्ट मागून घ्या, आणि बेअरिंग त्याच वेळी बदला. सर्व्हिसिंगला ट्रॅक्टर धुताना प्रेशरचं पाणी अल्टरनेटरच्या जाळीत मारू देऊ नका.

आता एक गोष्ट अल्टरनेटरची नाही, पण चार्जिंग बिघडल्यामुळेच घडते. बॅटरी ढिली झाली की ड्रायव्हर खाली उतरतो, मोठ्या चाकापुढं उभा राहतो आणि स्टार्टरच्या दोन बोल्टांवर पान्हा किंवा स्क्रू ड्रायव्हर टेकवून सेल्फ मारतो. असं केल्यानं क्लच किंवा न्यूट्रलशिवाय सेल्फ लागू नये म्हणून बसवलेला स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल, तर इंजिन चालू होतं त्याच क्षणी मागचं चाक पुढं येतं, आणि बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. अशानं माणसं मेली आहेत. घरातल्या पोरांना हे शिकवू नका. दुसऱ्याला करताना पाहिलं तर थांबवा. एक दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर राहू द्या.

दोष सापडला, दुरुस्त झाला, तरी एक काम बाकी असतं, आणि घाईत तेच राहून जातं. अल्टरनेटर हा भरलेली बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी आहे, पार बसलेली बॅटरी भरण्यासाठी नाही. रिकामी बॅटरी लावून ट्रॅक्टर तसाच कामाला काढला, तर नवा अल्टरनेटर तासन् तास पूर्ण जोरावर चालतो, तोही खानदेशच्या उन्हात, रेडिएटरच्या गरम झोताजवळ. डायोडना उष्णता सोसत नाही. शिवाय बॅटरी फार दिवस रिकामी राहिली असेल तर तिच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसलेला असतो, तो झटपट चार्जिंगनं सुटत नाही. म्हणून बॅटरी काढून आधी डिस्टिल्ड वॉटर पातळीपर्यंत घाला आणि चार्जरवर सावकाश भरा: ७५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ७ अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास. नंतर रात्रभर तशीच ठेवून सकाळी मोजा. १२.६ टिकलं तर ट्रॅक्टरवर चढवा. १२.२ वर उतरलं तर हायड्रोमीटरनं सहाही घरं तपासून घ्या. एक घर बाकीच्यांपेक्षा फार खाली असेल तर ती बॅटरी खरोखरच गेली आहे, आणि आता नवी आणायला हरकत नाही.